ओला कचरा, कुंडीचे खत आणि आपला धंदा

फेब्रुवारी २०१८ मधले दिवस औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, दुकानदारांना विसरता येणार नाहीत. शहराचा कचरा तीस वर्षांहून अधिक काळ नारेगावला पडत होता. तेथील आणि आसपासच्या मांडकीसारख्या गावांच्या लोकांनी वाट अडवली आणि गाड्या परत फिरल्या. रोजचा सुमारे चारशे टन माल, तो टाकायचा कोठे? ७ मार्चला मिटमिट्याकडे गाड्या गेल्या तेव्हा दगडफेक, जाळपोळ, लाठीमार झाला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे होते, आणि नारेगावला कचरा टाकण्यास मनाई झाली. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी येथे प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. कांचनवाडीत तर ओल्या कचऱ्यापासून गॅस करतात. परंतु मधले काही महिने शहरात रस्तोरस्ती ढीग होते, आणि ढिगाजवळ ज्याचे दुकान त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीत जात होते.

त्या दिवसांत आम्ही एक गोष्ट पाहिली. पुठ्ठा, प्लास्टिक, काच यांचा ढीग दिसायला वाईट. पण तो सडत नाही आणि भंगारवाला तो उचलून नेतो. त्रास होता तो ओल्या मालाचा. फळांच्या साली, चहाचा चोथा, भाजीचे देठ, उरलेले सालन. आणि हाच माल वेगळा राहिला असता तर अडीच-तीन महिन्यांत काळेभोर खत झाला असता. आपल्या लोकांचे धंदे पाहा. फळांच्या गाड्या, रसवंत्या, चहाची हॉटेले, बेकरी, खानावळी, भाजीचे ठेले. शहरातील ओल्या कचऱ्याचा मोठा वाटा आपल्याच हातून जातो. म्हणून या पानावर आज हा विषय घेतला आहे.

काही वाचक लगेच विचारतील, यात कमाई किती? आम्ही आधीच स्पष्ट सांगतो की नुसते खत विकून कोणी बंगला बांधणार नाही. हिशेब पुढे दिला आहे. परंतु कमाई जेथे आहे ती जागा वेगळी आहे, आणि ती कारागिरांची आहे.

कुजणे म्हणजे काय

कचरा खत होतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांमुळे. त्यांना चार गोष्टी लागतात : कर्ब, नत्र, पाणी आणि हवा. कर्ब म्हणजे वाळलेला, तपकिरी माल. पालापाचोळा, लाकडाचा भुसा, पुठ्ठ्याचे तुकडे. नत्र म्हणजे ओला, हिरवा माल. भाजी, फळे, चोथा. एक भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब असे प्रमाण जमले की काम वेगाने होते. स्वयंपाकघरातील मालात नत्र आणि पाणी जास्त, कर्ब कमी. म्हणून नुसत्या सालींचा पिंप भरला की तो कुजत नाही, तो सडतो. या दोन शब्दांतला फरक नाकाला कळतो. हवा मिळाली तर मातीचा वास, हवा कोंडली तर गटाराचा.

हे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला हिंदी शेतकऱ्यांचीच रीत पाहून, मोजून, तिला शिस्त लावली. ती जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली. आणि आपल्या विदर्भातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत, त्यांनी विटांत भोके ठेवून बांधलेली टाकी लोकप्रिय केली. साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. गवंड्याला दोन दिवसांचे काम. २०१८ मध्ये आपल्या शहरात कचरा जागच्या जागी जिरवण्याची धावपळ सुरू झाली तेव्हा अशाच प्रकारचे खड्डे आणि टाक्या आठवल्या. मशीद, मदरसा, मंगल कार्यालय, सोसायटी अशा जागांना नाडेप टाकी योग्य. घराला आणि छोट्या दुकानाला मात्र पिंप बरा.

पिंपाची रीत

दोनशे लिटरचा प्लास्टिकचा जुना पिंप घ्यावा. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतून असे पिंप भंगारात येतात. येथे एक सावधगिरी : पिंपात पूर्वी काय होते ते विचारल्याशिवाय घेऊ नये. रसायनाचा, रंगाचा, कीटकनाशकाचा पिंप कितीही धुतला तरी घेऊ नये. खाद्यतेल, सरबत, फळांचा गर यांचा पिंप चालतो. विकणारा सांगू शकत नसेल तर तो पिंप सोडून द्यावा.

पिंपाच्या अंगाला सहा-सहा इंचांवर बोटाएवढी भोके पाडावीत, तळालाही दहा-बारा. बुडाजवळ एका बाजूला वीतभर रुंदीची खिडकी कापून तिला बिजागरी लावावी. तयार खत तेथून निघते. चार विटांवर पिंप ठेवून खाली परात. वर झाकण, आणि भोकांना आतून मच्छरदाणीची जाळी. असे दोन पिंप हवेत. एक भरत असतो तेव्हा दुसरा पिकत असतो. एका पिंपावर ज्यांनी काम सुरू केले त्यांनी दुसऱ्या महिन्यात सोडून दिल्याचे आम्ही पाहिले आहे, कारण नवा कच्चा माल जुन्या पिकलेल्या मालावर पडत राहतो आणि काढायचे काय हे कळत नाही.

तळाला चार बोटे वाळला पाला किंवा नारळाच्या शेंड्या. त्यावर रोजचा ओला माल, बारीक चिरून. कलिंगडाची अख्खी फोड टाकली तर महिनाभर ती तशीच बसते. चार तुकडे केले तर आठवड्यात विरते. एक मापटे ओला माल पडला की त्यावर एक मापटे वाळला पाला, किंवा पाला नसेल तर अर्धे मापटे लाकडाचा भुसा. विरजण म्हणून सुरुवातीला जुन्या खताची किंवा शेणाची एक-दोन ओंजळ. तीन-चार दिवसांनी लोखंडी सळईने खालवर करावे. ओल तपासायची असेल तर मूठभर माल दाबावा : बोटांतून एखाद-दुसरा थेंब निघाला तर ठीक, धार लागली तर पाला वाढवा, काहीच न निघता भुरभुरला तर पाणी शिंपडा. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत आले, तेथे यासाठी चांगले पाणी वापरू नये. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी पुरते.

पिंप चांगला भरला की आतला माल गरम होतो. हात घालून पाहिल्यास चटका जाणवतो. घाबरू नये, ती चांगली खूण आहे; त्या उष्णतेने तणाचे बी आणि रोगाचे जंतू मरतात. जाड, करड्या अळ्या दिसल्या तरी घाबरू नये. त्या खतच करीत असतात, कुंडीतील रोप खात नाहीत. मात्र त्या फार वाढल्या तर समजावे की माल फार ओला आहे.

आमची फजिती

हे सगळे आम्ही शहाणपणाने सांगत आहोत, पण पहिल्या वेळी आमचीच फजिती झाली. घरात शादी होती. उरलेला पुलाव, नान आणि खलियाचा रस्सा वाया जाऊ नये म्हणून आम्ही तो सरळ पिंपात ओतला. मे महिना. तिसऱ्या दिवशी गल्लीभर वास, चौथ्या दिवशी कुत्री, पाचव्या दिवशी शेजारच्या खालाजान गच्चीवरून म्हणाल्या, "बेटा, खत करतोयस की सालन?" पिंप उपसून दूर खड्ड्यात पुरावा लागला.

तेव्हा नियम असा : मांस, हाडे, मासे, तेल-तूप, दूध आणि मसाल्याचा रस्सा घरच्या पिंपात नको. वासाचे कारण तर आहेच, दुसरे कारण मीठ आहे. आपल्या कोरड्या हवेत कुंडीतले पाणी उडून जाते, मीठ मात्र मातीत राहते आणि साठत जाते. पानांच्या कडा करपतात, आणि माणूस म्हणतो की खताने झाड जळले. खताने नाही जळले, रश्श्याने जळले. बकरी ईदच्या वेळी निघणाऱ्या मालाबद्दलही वाचक विचारतात. जनावराच्या पोटातील अर्धवट पचलेला चारा हा कुजवणीसाठी उत्तम असतो, पण ते मोठ्या खड्ड्याचे, जाणकाराच्या देखरेखीचे काम आहे, पिंपाचे नव्हे. तो महापालिकेच्या गाडीलाच द्यावा.

चोथा, भुसा, राख आणि अंड्याची टरफले

चहाचा चोथा हा कुंडीसाठी फार चांगला माल आहे, त्यात नत्र भरपूर. पण आपला चहा म्हणजे दूध-साखर घालून उकळलेला. तो चोथा तसाच कुंडीत टाकला की मुंग्या, बुरशी आणि चिलटे. दोन पाण्यांतून खळखळून धुवून, पिळून, मग पिंपात टाकावा. हॉटेलवाल्या बंधूंनी गाळणीखालीच वेगळी बादली ठेवली तर हे काम पोऱ्याला पाच मिनिटांचे आहे. एकदा तो चोथा फुटक्या कपांच्या काचेत आणि गुटख्याच्या पुड्यांत मिसळला की मग पाच माणसे बसली तरी तो वेगळा होत नाही. या साऱ्या धंद्यातली खरी मजुरी वेगळे करण्याची आहे, आणि ती माल पडतो त्या क्षणी जवळजवळ फुकट होते.

भुशाबाबत सुतार बंधूंना विनंती. सागवान, बाभूळ, आंबा, कडुनिंब यांचा कोरडा भुसा चालतो. प्लायवुड आणि एमडीएफचा नको, त्यात डिंकाची रसायने असतात. पॉलिश केलेल्या लाकडाचा घासकामाचा भुसाही नको. दोन पोती वेगवेगळी ठेवावीत. आणि वापरणाऱ्याने भुसा बेताने घालावा. त्यात कर्ब प्रचंड, नत्र नाममात्र. जास्त झाला तर पिंप थंड पडतो, आणि अर्धवट कुजलेला भुसा कुंडीत गेला तर तो मातीतलेच नत्र ओढून घेतो व रोप पिवळे पडते.

आता राख आणि अंड्याची टरफले. मासिकांत, दूरदर्शनवर, घरोघरी हाच सल्ला ऐकू येतो की झाडांना राख घाला, टरफलांची पूड घाला. हा सल्ला जेथे माती आंबट असते तेथला आहे, कोकणासारख्या जास्त पावसाच्या प्रदेशातला. आपल्या मराठवाड्याची काळी माती मुळातच चुनखडीची. तिचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ. तिच्यात चुना कमी नाही, उलट जास्त आहे. चुन्यामुळे लोह असूनही झाडाला मिळत नाही. नवी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असे दिसले की समजावे हाच प्रकार. मोसंबीच्या बागांत आपले शेतकरी हे नेहमी पाहतात. अशा मातीत बेकरीच्या भट्टीची राख ओतणे म्हणजे दुखणे वाढवणे. पिंपात पंधरवड्याला एखादी मूठ पडली तर बिघडत नाही, घमेलेभर नको. टरफले बारीक कुटून पिंपात घाला, नुकसान नाही. पण त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका, ती वर्षानुवर्षे तशीच राहतात. आपल्या मातीला हवे आहे ते कुजलेले सेंद्रिय खत. त्याने चिकट माती मोकळी होते, लोह सुटते आणि ओल टिकते. दोन पाण्यांतले अंतर वाढले तरी कुंडी तग धरते, या शहरात ही लहान गोष्ट नाही.

केळीच्या साली पाण्यात भिजवून ते पाणी घालण्याची हल्ली फॅशन आहे. त्या पाण्यात थोडे पालाश उतरते, बाकी माल फेकला जातो. त्यापेक्षा साल चिरून पिंपात टाकावी.

परातीत साठणारे काळे पाणी दहापट साध्या पाण्यात मिसळून मोठ्या झाडांना घालता येते. आम्ही स्वतः ते परत पिंपातच ओततो.

तयार झाले हे कसे ओळखावे

रंग गडद, मूळ माल ओळखू येत नाही, वास पहिल्या पावसाच्या मातीचा. तरी एक परीक्षा करावी. मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून पंधरा-वीस दिवस लागतील. दुसरी परीक्षा मेथीची : एका वाटीत खत मिसळलेली माती, दुसऱ्या वाटीत साधी माती, दोन्हीत वीस-वीस दाणे पेरा. खताच्या वाटीत दाणे कमी उगवले तर खत कच्चे आहे. कच्चे खत विकणाऱ्याचे नाव एका हंगामात खराब होते, म्हणून ज्यांना विकायचे आहे त्यांनी ही वाटी दर खेपेस लावावी.

कुंडी भरताना दोन भाग माती, एक भाग खत. जुन्या कुंडीत महिना-दीड महिन्याने दोन मुठी, बुंध्यापासून चार बोटे दूर, वरची माती हलवून.

हिशेब

आता कमाईकडे येऊ. समजा एका ज्यूस सेंटरमधून रोज दहा किलो साली निघतात. महिन्याचे तीनशे किलो. कुजताना त्यातले पाणी आणि बराचसा कर्ब उडून जातो. शंभर किलो ओल्या मालाचे साधारण पंधरा ते पंचवीस किलो खत हाती येते. म्हणजे महिन्याला पन्नास-साठ किलो. किलोला दहा रुपये धरले तर पाच-सहाशे रुपये. भाव ज्याने त्याने आपल्या नर्सरीत विचारून घ्यावा, पण दुप्पट भाव मिळाला तरी यातून एका माणसाची मजुरी निघत नाही. दहा-पंधरा दुकानांचा माल एकत्र आला, भुसा फुकट मिळाला आणि जागेचे भाडे नसले तर गोष्ट वेगळी होते. तरीही हा जोडधंदाच.

कारागिराचा हिशेब मात्र याहून चांगला बसतो. पिंपाला भोके पाडून, खिडकी-बिजागरी लावून, जाळी बसवून दोन पिंपांची जोडी तयार करणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. आडवा पिंप लोखंडी घोडीवर बसवून हँडलने फिरणारा करणे हे वेल्डरचे काम आहे. ज्यांना सळईने खालवर करण्याचा कंटाळा आहे असे गिऱ्हाईक त्यासाठी जादा पैसे देते. कुंभाराने एकावर एक बसणारी, भोकांची तीन मडकी केली तर फ्लॅटच्या गॅलरीत ती शोभतात. सुताराचा भुसा, जो आज जाळला जातो किंवा नाल्यात जातो, तो पाच-पाच किलोच्या पिशव्यांत विकता येतो, कारण शहरातील माणसाकडे ओला माल असतो पण वाळला नसतो. आणि सर्वांत चांगले काम देखभालीचे. पिंप विकून मोकळे होऊ नये. पंधरा दिवसांनी जाऊन माल खालवर करणे, भुसा देणे, पिकलेले खत चाळून देणे, याचे महिन्याचे ठरावीक पैसे घ्यावेत. पिंप घेतलेली बहुतेक घरे दुसऱ्या महिन्यात पहिल्या वासाला घाबरून तो बंद करतात. देखभालवाला आला तर करीत नाहीत. वीस घरे आणि चार हॉटेले धरली तर एका तरुणाचा नियमित रोजगार उभा राहतो, भांडवल एक सायकल, चाळणी आणि दोन सळया.

मोठ्या हॉटेलांकडे हे काम मागायला जाताना कायद्याचा आधार आहे हेही ध्यानात ठेवावे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा देणे सर्वांना बंधनकारक केले, आणि रोज शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर ओला माल शक्यतो आपल्याच आवारात जिरवण्याची जबाबदारी टाकली. मंगल कार्यालये आणि बडी हॉटेले या जबाबदारीसाठी माणूस शोधत असतात. नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा जाण्यापूर्वी महापालिकेच्या घनकचरा विभागात आजची अट विचारून जावे.

विक्रीबाबत एक इशारा. शेजाऱ्याला, ओळखीच्या नर्सरीला घरचे खत देणे वेगळे, आणि छापील पिशवीत नाव टाकून खत म्हणून बाजारात विकणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला १९८५ चा खत नियंत्रण आदेश लागू होतो. शहरी कंपोस्टसाठी त्यात मापे ठरलेली आहेत : ओल पंधरा ते पंचवीस टक्के, सामू साडेसहा ते साडेसात, नत्र कमीत कमी ०.८ टक्के, स्फुरद व पालाश कमीत कमी ०.४ टक्के, आणि नव्वद टक्के माल चार मिलिमीटरच्या चाळणीतून पडला पाहिजे. शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंनाही मर्यादा आहे. भंगाराच्या जागेशेजारी खत करू नये ते याचसाठी. परवान्यासाठी जिल्हा परिषदेच्या किंवा राज्याच्या कृषी खात्यात चौकशी करावी. पिशव्या आधी छापून घेऊ नयेत.

सुरुवात करण्यास पावसाळ्यानंतरचे दिवस सोयीचे. पाऊस उघडला की पिंपात पाणी शिरण्याची भीती जाते, आणि हिवाळ्याच्या अखेरीस पानगळ सुरू झाली की वाळला पाला फुकट मिळतो. तो गोण्यांत भरून कोरड्या जागी ठेवावा. घरटी चार गोण्या साठवल्या तर पुढचा रमजान कोणत्याही ऋतूत येवो, इफ्तारच्या कलिंगड-पपईच्या सालींवर घालायला पाला कमी पडत नाही.